मशीन आलं, पॉइंट कुठे आहे?

कुठल्याही सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात जा, किंवा तालुक्याच्या गावातल्या एखाद्या वीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये, आणि खाटेखाली वाकून बघा. पिवळा पडलेला एक एक्स्टेन्शन बोर्ड हमखास दिसेल. त्यात मॉनिटरची पिन, सिरिंज पंपाची पिन, हवेच्या गादीच्या पंपाची पिन आणि उरलेल्या जागेत कुणाच्या तरी मोबाइलचा चार्जर. बोर्डाची वायर भिंतीपर्यंत पोचते ती कधी खाटेच्या चाकाखालून, कधी फरशी पुसायच्या ओल्या मॉपच्या वाटेतून. त्याच भिंतीवर बऱ्याचदा छापील सूचनाही असते : ‘एक्स्टेन्शन बोर्डाचा वापर करू नये.’

ही सूचना चुकीच्या माणसासाठी लिहिलेली आहे, असं माझं ठाम मत आहे. ती वाचते वॉर्डातली सिस्टर. तिच्यासमोर खाटेवर माणूस असतो, त्याला पाच मशीन लावायची असतात आणि भिंतीत चालू सॉकेट असतात दोन. ती बोर्ड लावणार नाही तर काय करेल? ज्यांनी ते मशीन मंजूर केलं, विकत घेतलं, ‘बसवून मिळालं’ म्हणून कागदावर सही केली, त्यांच्यापैकी कुणालाही ‘इथे पॉइंट किती आहेत?’ हा प्रश्न विचारला जात नाही. तो प्रश्न मशीन येण्याआधी विचारला जाईपर्यंत खाटेखालचा बोर्ड हटणार नाही, मग कितीही परिपत्रकं निघोत.

आपल्या जिल्हा रुग्णालयांच्या कितीतरी इमारती अशा काळात बांधल्या गेल्या, जेव्हा जनरल वॉर्डाला वीज लागायची ती पंख्याला आणि ट्यूबलाइटला. दोन-तीन खाटांमागे एखादा पाच अँपिअरचा पॉइंट, वॉर्डाच्या टोकाला सक्शन मशीनसाठी एखादा पंधराचा, एवढं पुरायचं. तेव्हाच्या वापराला ते कमी नव्हतंच. पुढे वॉर्ड तोच राहिला आणि उपचार बदलले. आज अतिदक्षता विभागातल्या एका खाटेपाशी व्हेंटिलेटर, त्याचा ह्युमिडिफायर, मॉनिटर, तीन-चार सिरिंज पंप, सक्शन, हवेची गादी असा संसार असतो. मोजलं तर दहाएक पिना सहज होतात. २०२० आणि २०२१ मध्ये तर जनरल वॉर्ड रातोरात अतिदक्षता विभाग झाले. व्हेंटिलेटर ट्रकने आले. भिंतीतली वायर मात्र तीच, त्यामागचा डीबी, म्हणजे वॉर्डाला वीज वाटून देणारी पेटी, तीच.

यामागे पैशाची एक वाट आहे आणि ती समजून घेतल्याशिवाय या प्रश्नाला हात घालता येत नाही. मशीन येतं जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून, आमदार निधीतून किंवा एखाद्या कंपनीच्या सीएसआरमधून. वायरिंग असतं सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विद्युत शाखेकडे. तिथे आधी अंदाजपत्रक, मग तांत्रिक मान्यता, मग प्रशासकीय मान्यता, मग निविदा. मशीनची खरेदी मार्चअखेर निधी परत जाऊ नये म्हणून घाईने होते आणि पॉइंटचा प्रस्ताव पुढच्या आर्थिक वर्षात टेबलांवरून फिरत राहतो. मधल्या काळात मशीन खोक्यात ठेवलं तर ‘लाखोंची यंत्रं धूळ खात पडून’ अशी बातमी येते. मग कुणीतरी बाजारातून तीनशे रुपयांचा बोर्ड आणतं. ‘तात्पुरता’ म्हणून आलेला तो बोर्ड पुढे कित्येक वर्षं तिथेच राहतो.

घरातल्या एकांच्या आजारपणात एका सिव्हिल हॉस्पिटलच्या वॉर्डात माझं बरंच बसणं झालं. खाटेला लागून भिंतीत एक सॉकेट होतं. त्याच्या वरच्या भोकाभोवती तपकिरी डाग पडला होता, कडेचं प्लास्टिक किंचित वितळून फुगलं होतं. त्यात बोर्डाची पिन होती आणि बोर्डावर शेजारच्या दोन खाटांचा मिळून सगळा भार. पिन सरळ बसत नव्हती म्हणून वायरीला वळसा घालून, खिडकीच्या गजाला दोरीने बांधून, ती तिरकी दाबून ठेवलेली. मी हात पुढे करताच वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या, ‘‘दादा, त्या पिनेला हात नका लावू. हलली की मशीन बंद पडतं.’’ मावशींचं म्हणणं खरं होतं. त्या पिनेचा स्वभाव सगळ्या वॉर्डाला ठाऊक होता आणि प्रत्येक पाळी पुढच्या पाळीला तो सांगून जात होती.

त्या तपकिरी डागाबद्दल थोडं सविस्तर लिहिलं पाहिजे, कारण आपल्याकडे विजेच्या आगीचं कारण एका शब्दात उरकतात : शॉर्ट सर्किट. खरा शॉर्ट सर्किट झाला तर एमसीबी, म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच, क्षणात पडतो. तो त्याचसाठी असतो. सैल पिनेचं तसं नाही. सॉकेटच्या आतली पितळी पट्टी वारंवारच्या वापराने पसरते, पिनेवरची पकड सुटते, स्पर्श होतो तो केसाएवढ्या जागेत. तिथला रोध वाढतो. समजा तो अर्धा ओहम झाला आणि त्यातून सहा अँपिअर प्रवाह गेला, तर त्या एका बिंदूवर अठरा वॅट उष्णता तयार होते. छोट्या सोल्डरिंग गनचं टोक साधारण तेवढ्याच उष्णतेवर शिसं वितळवतं. इथे ते टोक प्लास्टिकच्या डबीत, गादीच्या चादरीपासून वीतभर अंतरावर, रात्रंदिवस तापत असतं. एमसीबीला यातलं काही कळत नाही. त्याच्या दृष्टीने सहाच अँपिअर चाललेले असतात. प्रवाह जमिनीकडे गळला की वीज तोडणारा आरसीसीबी असतो; त्यालाही कळत नाही, कारण इथे प्रवाह जमिनीकडे गळत नसतो. आधी कळतो तो वास, आणि तोही स्पिरिटच्या, फिनेलच्या वासात हरवतो.

दुसरा धोका भाराचा. इथे एक गैरसमज आहे. मॉनिटर, सिरिंज पंप ही मशीन फार वीज खात नाहीत. असे चार पंप मिळून एका जुन्या बल्बाएवढे होतात. वीज खातात ती तापवणारी मशीन : बाळांचे वॉर्मर, निर्जंतुकीकरणाची यंत्रं, रुग्णाला ऊब देणारे ब्लोअर, हिवाळ्यात आणलेले हीटर आणि ड्युटी रूममधली चहाची किटली. आठशे वॅटचा एक वॉर्मर साडेतीन अँपिअर घेतो. सहा अँपिअरच्या बोर्डावर असे दोन वॉर्मर लावले की मर्यादा ओलांडली. स्वस्त बोर्डाची वायर पाऊण चौरस मिलिमीटरची असते, सहा-सात अँपिअरपलीकडे ती तापू लागते. भिंतीतल्या पॉवर पॉइंटमागचा एमसीबी मात्र सोळा किंवा वीस अँपिअरचा. तो राखण करतो भिंतीतल्या जाड वायरची. बोर्डाची बारीक वायर दहा अँपिअरने तापून मऊ झाली तरी तो पडणार नाही. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, हे आपण शाळेत शिकलो. वायर लांब म्हणून तिचं वेटोळं करून खाटेखाली ठेवलं तर ती उष्णता बाहेर पडायलाही जागा राहत नाही. एका बोर्डात दुसरा बोर्ड लावला की पहिल्या बोर्डाच्या एका पिनेवर सगळ्यांचा भार येतो, आणि नेमकी तीच पिन बहुधा सैल असते.

मग जुगाड सुरू होतात. पंधराची पिन पाचच्या सॉकेटात बसावी म्हणून बाजारात कन्व्हर्टर मिळतो, तो लावला की पंधरा अँपिअरच्या यंत्राला पाचचा पॉइंट मिळतो आणि यंत्र चालूही होतं. पिन तुटली असेल तर वायरीची टोकं सोलून सॉकेटात घालतात आणि ती निसटू नयेत म्हणून काडेपेटीच्या काड्या खोचतात. मंडपवाल्याकडे, गणपतीच्या मांडवात हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. रुग्णालयात ते पाहिलं की अंगावर काटा येतो. परदेशी मशीनचा प्रकार तर सहजासहजी कुणाच्या लक्षातच येत नाही. युरोपातून आलेल्या कित्येक यंत्रांची पिन दोन गोल दांड्यांची असते आणि अर्थिंगची पट्टी पिनेच्या कडेला असते. ती आपल्या ‘युनिव्हर्सल’ सॉकेटात व्यवस्थित बसते, मशीन सुरू होतं, दिवे लागतात. फक्त अर्थ जोडलाच जात नाही. देणगीत आलेल्या मशीनबाबत हे तपासायचं कुणी?

अर्थिंग तुटणं म्हणजे काय, हे रुग्णाच्या बाजूने पाहावं लागतं. प्रत्येक यंत्रातून अगदी थोडा प्रवाह अर्थच्या वायरीतून जमिनीत जात असतो. तो यंत्राचा दोष नाही, त्याची मर्यादा मानकांनी ठरवून दिलेली आहे. पाच यंत्रं पाच वेगवेगळ्या सॉकेटांत असतील तर पाच वाटांनी तो जातो. पाचही एकाच बोर्डावर असतील तर सगळ्यांची बेरीज बोर्डाच्या एकुलत्या एक अर्थच्या वायरीतून जाते. ती वायर पिनेपाशी सुटली तर ही बेरीज पाचही यंत्रांच्या धातूच्या अंगावर येऊन थांबते आणि वाट शोधते. धडधाकट माणसाला कोरड्या हाताने त्याचा जेमतेम चटका जाणवेल. खाटेवरच्या माणसाची त्वचा ओली असते, तिच्यावर जेल लावून इलेक्ट्रोड चिकटवलेले असतात, आणि गळ्यातून हृदयापर्यंत सेंट्रल लाइन घातलेली असेल तर त्याच्या हृदयाला त्वचेचं संरक्षणच उरलेलं नसतं. थेट हृदयावर पोचलेला प्रवाह एक मिलिअँपिअरच्या एक दशांशाएवढा असला तरी ठोके बिघडवू शकतो. वैद्यकीय विद्युत उपकरणांचं आंतरराष्ट्रीय मानक, आयईसी ६०६०१, सुट्या बोर्डांवर कडक अटी घालतं ते यासाठी : अवजाराशिवाय पिन काढता-घालता येऊ नये, किंवा इतर कुठलीही पिन त्यात बसूच नये, किंवा मध्ये विलगीकरणाचा ट्रान्सफॉर्मर असावा. दुकानातला चार सॉकेटांचा बोर्ड यातल्या एकाही अटीत बसत नाही.

याच्या जोडीला ऑक्सिजन. हवेत तो एकवीस टक्के असतो. बंद खोलीत, अनेक रुग्णांना मास्कवर किंवा हाय-फ्लोवर ऑक्सिजन चालू असताना, मास्कच्या कडेने तो गळत राहतो. प्रमाण दोन-तीन टक्क्यांनी वाढलं तरी आगीची चाल बदलते. नुसती धुमसणारी चादर पेट घेते, केस आणि कापूस भुर्रकन जळतात. ठिणगीला एरवी जिथे विझायला वेळ मिळाला असता तिथे तो मिळत नाही.

हे सगळं आपण पाहिलेलं आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षात दहा बाळं गेली. त्यांतल्या बहुतेकांचा जीव धुराने गुदमरून गेला. सात बाळांना वाचवता आलं. चौकशीत आगीचं मूळ एका वॉर्मरच्या नियंत्रण पॅनलमधल्या ठिणगीत सापडलं. त्याच वर्षी २३ एप्रिलला विरारच्या खासगी रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला आणि त्या पहाटे तेरा जण गेले. आग वातानुकूलन यंत्रातून सुरू झाल्याचं सांगितलं गेलं. ६ नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात नव्याने उभारलेल्या कोविड अतिदक्षता विभागात अकरा रुग्ण दगावले. १५ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री झाशीच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या नवजात कक्षात दहा बाळं गेली. त्या कक्षात क्षमतेच्या दुपटीहून जास्त बाळं दाखल होती. या आगी एक्स्टेन्शन बोर्डामुळे लागल्या असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं खोटं ठरेल. मी पाहतो आहे ती त्यांमागची समान गोष्ट : जागा जेवढ्या विजेसाठी बांधली, त्यापेक्षा जास्त वीज तिच्यातून चोवीस तास वाहत होती का, हे आग लागण्याआधी कुणाला विचारावंसं वाटलं नाही. खाटेखालचा बोर्ड ही त्या न विचारलेल्या प्रश्नाची सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांना दिसणारी खूण आहे. जिथे बोर्ड आहे तिथे गरज आणि सोय यांत अंतर पडलंय, एवढं तरी तो सांगतो.

आणि आग लागल्यावर बोट कुणाकडे जातं? भंडाऱ्यात परिचारिकांवर गुन्हे दाखल झाले. नगरमध्ये एका महिला वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि परिचारिकांना अटक झाली. रात्री कक्षात कोण हजर होतं, कोण नव्हतं, हा प्रश्न योग्यच आहे; बाळांना एकटं सोडता येत नाही. पण भंडाऱ्याच्या अग्निसुरक्षेचा प्रस्ताव मंजुरीच्या वाटेवर अडकलेला होता, हेही तेव्हा समोर आलं होतं. कागद अडवून ठेवणारा हात शोधायला पोलिसांना वॉर्डात जाऊन भागत नाही. वॉर्डात सापडते ती सिस्टर. म्हणून भिंतीवरची ‘वापर करू नये’ ही सूचना मला नुसती निरुपयोगी वाटत नाही, अन्यायाची वाटते. उद्या काही घडलं तर ‘सूचना दिलेली होती’ म्हणून दाखवायला ती वरच्यांच्या कामी येते.

निव्वळ बंदीचं काय होतं, याचा दाखला अमेरिकेतही आहे. तिथे रुग्णालयांची तपासणी करणाऱ्या यंत्रणा रुग्णाजवळच्या पॉवर स्ट्रिपवर बोट ठेवू लागल्या, तेव्हा शस्त्रक्रियागृहं आणि भूलतज्ज्ञ अडचणीत आले, कारण ट्रॉलीवरची पाच यंत्रं चालवायला त्यांच्याकडे दुसरा मार्ग नव्हता. अखेर सप्टेंबर २०१४ मध्ये तिथल्या केंद्रीय आरोग्य विमा यंत्रणेने अटींसह सवलत दिली. अटी नेमक्या आहेत. बोर्ड वैद्यकीय वापरासाठी प्रमाणित हवा, ट्रॉलीला कायमचा जोडलेला हवा, त्यावरच्या सगळ्या यंत्रांचा एकूण भार वायरच्या क्षमतेच्या पंचाहत्तर टक्क्यांपलीकडे जाता कामा नये, आणि खाटेच्या सभोवतालच्या सहा फुटांत अशा बोर्डावर मोबाइल, लॅपटॉप असलं वैयक्तिक काही लावायचं नाही. पण या सवलतीइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट आहे. त्यांच्या संहितेत सॉकेटांची किमान संख्याच ठरवलेली आहे : साध्या खाटेला आठ, अतिदक्षतेच्या खाटेला चौदा, शस्त्रक्रियागृहाला छत्तीस. आधी भिंतीत चौदा सॉकेट द्यायचे आणि मग बोर्डाबद्दल कडक बोलायचं, असा तो क्रम आहे. आपल्याकडे नवजात कक्षांच्या सरकारी मार्गदर्शिकेतही प्रत्येक बाळाच्या जागेला सहा ते आठ सॉकेट, निम्मे पाच अँपिअरचे आणि निम्मे पंधराचे, अशी अपेक्षा आहे. म्हणजे कसं असावं हे आपल्याला ठाऊक नाही, असं म्हणता येणार नाही.

खासगी नर्सिंग होमची गोष्ट आणखी नाजूक. आपल्या शहरांत आणि तालुक्यांत कितीतरी नर्सिंग होम राहत्या इमारतीच्या दोन-तीन फ्लॅटमध्ये चालतात. वायरिंग टीव्ही आणि फ्रिजच्या हिशेबाने केलेलं. डॉक्टर भाड्याने राहतात, भिंत फोडायला मालक परवानगी देत नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ प्रमाणे दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्यात भर असतो आग विझवण्याच्या साधनांवर : सिलिंडर भरलेले आहेत का, पंप चालतो का, जिना मोकळा आहे का. हे हवंच. पण खाटेमागच्या सॉकेटची पट्टी सैल आहे की घट्ट, बोर्ड किती अँपिअरचा, हे त्या कागदावरून कळत नाही. विद्युत निरीक्षकांचं कार्यालय वेगळं, अग्निशमन वेगळं, नर्सिंग होमची नोंदणी करणारी पालिका वेगळी. खाटेखालची जागा यांच्यापैकी नेमकी कुणाची, हे कुणी सांगू शकेल असं मला वाटत नाही.

यावर नेहमीचं उत्तर येतं की अत्यवस्थ रुग्ण आला तर नियम बघत बसायचं का? नाही बसायचं. रात्री दोन वाजता श्वास लागलेला माणूस आला आणि पॉइंट नसेल तर बोर्ड लावा आणि त्याला वाचवा, यात वादच नाही. वाद आहे तो सकाळी नऊ वाजता काय होतं याचा. त्या रात्री लावलेल्या बोर्डाची नोंद झाली पाहिजे, वायरमनला आणि बायोमेडिकल इंजिनीअरला कळलं पाहिजे, आणि ठरावीक दिवसांत तिथे पॉइंट झाला पाहिजे. आणीबाणी एका रात्रीची असते. आपण तिच्या नावावर वर्षानुवर्षं बोर्ड चालवतो.

पैशाचं कारण मला पटत नाही. व्हेंटिलेटरची किंमत लाखांत आहे. त्याच्यासाठी डीबीपासून स्वतंत्र तांब्याची वायर ओढून, त्याचा स्वतःचा एमसीबी लावून, चांगल्या प्रतीचा सोळा अँपिअरचा पॉइंट काढायचा खर्च हजारांत होतो. यंत्राच्या किमतीतच तो धरला तर बेरीज करणाऱ्याला जाणवणारही नाही. अवघड आहे ते फक्त दोन खात्यांचे पैसे एका कागदावर आणणं.

तोवर बोर्ड राहणारच असतील तर निदान नीट असावेत. आयएसआय मार्कचा, दीड चौरस मिलिमीटर वायरचा, सोळा अँपिअरचा, स्वतःचा एमसीबी असलेला बोर्ड मिळतो. तो जमिनीवर न ठेवता ट्रॉलीला किंवा भिंतीला स्क्रूने बसवावा. प्रत्येकावर नंबर टाकावा, वहीत नोंद असावी, आठवड्यातून एकदा वायरमनने पिनेला हात लावून ती गरम लागते का बघावं. तापवणारं कुठलंही यंत्र, वॉर्मरपासून किटलीपर्यंत, बोर्डावर लावूच नये. त्याला भिंतीतला पॉइंट. बोर्डात बोर्ड नाही. आणि डाग पडलेलं सॉकेट दिसलं की ते त्याच दिवशी बदललं पाहिजे, ‘हलवू नका’ म्हणून सांभाळत बसायचं नाही. यातलं काहीही महाग नाही आणि कुठल्याही मंत्रालयीन मंजुरीची वाट पाहायला लावणारं नाही. रुग्ण कल्याण समितीच्या पैशातून हे आजही होऊ शकतं.

नातेवाइकांच्या मोबाइलबद्दलही रागावून चालत नाही. गावाकडून आलेली बाई तीन-तीन दिवस वॉर्डाबाहेर बसते. घरी निरोप द्यायला, रक्त मिळवायला, पैशाची सोय करायला तिच्याकडे तो फोनच असतो. तिला चार्जिंगला जागा दिली नाही तर ती खाटेजवळचं सॉकेट शोधणारच. जून २०२० मध्ये राजस्थानात कोट्याच्या एका सरकारी रुग्णालयात नातेवाइकांनी कूलर लावायला व्हेंटिलेटरची पिन काढली आणि रुग्ण दगावला, असा आरोप झाला होता. दोष कुणाचा हे बाजूला ठेवलं तरी उकाड्याने हैराण झालेले लोक आणि व्हेंटिलेटर यांच्यात एका सॉकेटसाठी ओढाताण होऊ शकते, ही स्थितीच मुळात असता कामा नये. वॉर्डाबाहेर व्हरांड्यात मोबाइल चार्जिंगचे दहा-बारा पॉइंट काढून द्या, आतला निम्मा त्रास कमी होईल. व्हेंटिलेटरच्या सॉकेटला लाल रंगाची पट्टी आणि पिन निघू नये अशी कडी लावा.

सिस्टरांनाही एक अधिकार मिळायला हवा. सॉकेट नसलेल्या जागी नवीन मशीन लावायला नकार देण्याचा, आणि तो नकार लेखी नोंदवण्याचा. आज ती ‘मॅडम, पॉइंट नाहीये’ असं तोंडी सांगते, आणि उत्तर येतं, ‘बघा काहीतरी, ॲडजस्ट करा.’ तिचं ते वाक्य वहीत उतरलं, त्याखाली तारीख आणि वरिष्ठांची सही आली, तर पुढच्या चौकशीत पोलिसांना वॉर्डापलीकडेही बघावं लागेल.

सामान्य माणसालाही इथे काही करता येतं. माहितीच्या अधिकारात आपल्या जिल्हा रुग्णालयाला विचारा : अतिदक्षता विभागात आणि नवजात कक्षात खाटा किती, प्रत्येक खाटेला कायमचे सॉकेट किती, गेल्या तीन वर्षांत किती मशीन आली आणि त्यांच्यासाठी किती पॉइंट काढले, विद्युत निरीक्षकांनी शेवटची तपासणी कधी केली, त्यात काय त्रुटी निघाल्या आणि त्या कधी दूर झाल्या. ज्या रुग्णालयाकडे ही उत्तरं तयार नसतील त्याला ती गोळा करायला वॉर्डात जाऊन मोजावं लागेल, आणि मोजणी झाली की अर्धं काम पुढे सरकतं.

उरलेलं अर्धं जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत व्हायचं आहे. वैद्यकीय उपकरणांच्या खरेदीची जी टिपणी तिथे मंजुरीला येते, तिच्यात यंत्राच्या किमतीखाली आणखी चार रकाने हवेत : यंत्र कुठल्या खाटेपाशी बसणार, तिथे मोकळे सॉकेट किती, त्या सर्किटवर सध्या भार किती, आणि हे पाहून आलेल्या विद्युत अभियंत्याची सही. रकाने रिकामे असतील तर पालकमंत्र्यांनी त्या टिपणीवर सही करू नये, आणि देणगीचं मशीन असेल तर अधीक्षकांनी ते ताब्यात घेऊ नये.